रात्री शुगर उतरली तर?

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या उन्हाळी शिबिरांत मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. मे महिना जवळ आला की पालकांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो: दिवसातून चार वेळा इन्शुलिन घेणाऱ्या मुलाला आमच्याशिवाय चार-पाच दिवस बाहेर ठेवायचेच कशाला? रात्री शुगर उतरली तर? जे शिकवायचे ते ओपीडीत शिकवता येत नाही का? तुम्ही विचारलेत म्हणून या वेळी नीट लिहूनच उत्तर देते.

रात्रीची भीती खरी आहे. मूल टेकडी चढून आले, दुपारभर खेळले, की त्याचे स्नायू पुढचे कित्येक तास रक्तातील साखर ओढत राहतात आणि दुपारच्या धावपळीचा परिणाम पहाटे तीन वाजता दिसू शकतो. म्हणूनच शिबिरात पहिल्या दिवसापासून डॉक्टर इन्शुलिनचा डोस कमी करतात, बहुतेकांचा १० ते २० टक्क्यांनी. झोपण्यापूर्वी प्रत्येकाची शुगर पाहिली जाते आणि मध्यरात्री व पहाटे टॉर्च घेऊन फेरी होते. आधी येऊन गेलेली मुले झोपेतच पांघरुणातून एक बोट बाहेर काढतात, थेंब घेऊ देतात आणि कूस बदलतात. आकडा ७० च्या खाली असेल तर मुलाला उठवून बसवायचे, ग्लुकोजचे पाणी पाजायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, ग्लुकागॉनचे (रक्तातील साखर झटपट वाढवणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन किंवा शिरेतून ग्लुकोज द्यायचे. ही सारी तयारी तिथे हाताशी असते.

ओपीडीत आम्हाला जेमतेम पंधरा-वीस मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात प्रश्न मुलाला विचारला तरी उत्तर आई देते. यात आईचा दोष नाही, कारण रात्ररात्र जागून तिनेच ते मूल सांभाळलेले असते. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलाला आपला सकाळचा डोस किती हे ठाऊक नसते, तेव्हा हा आजार त्याचा असूनही त्याची सारी किल्ली दुसऱ्याच्या हाती असते. शिबिरात आई शेजारी नसते. ताटात दोन पोळ्या घेतल्या, आता किती युनिट, हे त्याला स्वतः मोजावे लागते आणि डोस भरण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा मोठ्या ताईला दाखवावे लागते. एकदा जेवणाच्या रांगेत एका मुलाचे हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला. आम्ही पोहोचण्याआधीच मागे उभ्या असलेल्या मुलीने, ‘तू लो आहेस, आधी बस,’ असे म्हणून आपल्या खिशातली ग्लुकोजची पुडी त्याच्या हातावर रिकामी केली. शाळेत हेच घडले असते तर त्याला बहुधा चक्कर आली असे समजून पाणी दिले गेले असते.

अशा शिबिरांची कल्पना इन्शुलिनच्या बरोबरीने वाढलेली आहे. १९२१-२२ मध्ये टोरांटोत इन्शुलिन हाती येण्यापूर्वी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून थोडे दिवस जगवणे एवढेच शक्य होते. १९२५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात डॉ. लिओनार्ड वेंड्ट यांनी या मुलांसाठी शिबिर सुरू केले आणि १९३२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ ऑक्सफर्ड येथे, अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापक क्लारा बार्टन यांच्या जन्मस्थळी, मधुमेही मुलींचे शिबिर उभे राहिले. तेव्हा ग्लुकोमीटर नव्हता, लघवी निळ्या द्रावणात उकळून रंगावरून साखरेचा अंदाज घ्यावा लागे. तेवढ्या साधनांवर त्या लोकांनी मुलांना रानात नेले, हे मला आजही फार मोठे वाटते.

आपल्याकडे शिबिरात आणखी एक काम आपोआप होते. घरी महिनोन्महिने न उलगडलेले कोडे एकत्र राहिल्यावर सुटते. आपल्या औषधाच्या दुकानांत इन्शुलिनच्या बाटल्या बहुधा ४० युनिटच्या (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) असतात आणि त्यांना लाल टोपणाची सिरिंज लागते. चुकून १०० युनिटची, नारिंगी टोपणाची सिरिंज घेतली आणि त्याच खुणेपर्यंत भरली, तर दहाऐवजी चारच युनिट अंगात जातात. काही मुलांच्या पोटावर बेंबीशेजारी मऊ गाठी झालेल्या आढळतात, कारण तिथे दुखत नाही म्हणून रोज तिथेच टोचलेले असते, आणि अशा गाठीतून इन्शुलिन नीट शोषले जात नाही. फ्रिज नसलेल्या घरातील मुलांना बाटली पिशवीत बांधून ओल्या मडक्यात कशी ठेवायची, हे आम्ही प्रत्यक्ष मडके मांडून दाखवतो. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात ही गोष्ट डोसाइतकीच महत्त्वाची असते.

आमरसही असतो. १०० ग्रॅम आंब्यात साधारण १५ ग्रॅम कर्बोदके, म्हणजे जवळपास एका पोळीएवढी. ते मोजायचे, त्याप्रमाणे इन्शुलिन घ्यायचे आणि वाटी पुढे घ्यायची. गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, हे मुलांना माहीत असते. ते घरातल्या मोठ्यांना पटवणेच अवघड जाते.

मुलींच्या पालकांची अडचण वेगळी असते. लग्नाच्या वेळी प्रश्न येईल म्हणून ते फोटोत मुलगी नको म्हणतात, गावात कळू नये म्हणून नातेवाइकांकडे जाते असे सांगून पाठवतात. आम्ही फोटो काढत नाही आणि त्यांना दोषही देत नाही. पण जी मुलगी शाळेत स्वच्छतागृहाचे दार लावून इंजेक्शन घेते, तिला इथे सर्वांसमोर जेवणाच्या पंगतीत बसून घेता येते, हे एकदा येऊन पाहावे असे मी त्यांना आवर्जून सांगते.

पाठवण्यापूर्वी आयोजकांना जरूर विचारा: रात्री कोण जागे असते, डॉक्टर मुक्कामी असतात का, ग्लुकागॉन आहे का, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर पाठवू नका. आणि मूल परत आल्यावर ते डोस भरायला वेळ लावेल, तेव्हा सिरिंज हातातून काढून घेऊ नका; शेजारी उभे राहून आकडा तेवढा तपासा.