उरलेल्या जेवणापासून सुरुवात करू नका

एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) कार्यक्रम अधिकारी, वसतिगृहाचे रेक्टर, कधी थेट विद्यार्थी प्रतिनिधी. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. "आमच्याकडे चाळीस-पन्नास मुलं तयार आहेत. मेसमध्ये रोज अन्न उरतं. शहरात फूड बँक आहे. उरलेलं तिथे पोचवायला लागू का?" तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

फूड बँकेशी, म्हणजे अन्न गोळा करून गरजूंना वाटणाऱ्या संस्थेशी, जरूर बोला, मुलंही घ्या, पण मेसचं जेवण सध्या राहू द्या. सुरुवात कोरड्या शिध्यापासून करा. शिजवलेलं अन्न हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे आणि नवखी माणसं नेमकी तिथूनच सुरू करतात, कारण उरलेला भात डोळ्यांना दिसतो आणि मन खातं.

अडचण वेळेची आहे. शिजवलेलं अन्न एकतर ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम हवं नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड. मधल्या पट्ट्यात ते दोन तासांपेक्षा जास्त राहिलं की देऊ नये. मेस रात्री साडेनऊला आवरते, आणि जिथे वाटायचं ती वस्ती साडेदहाला झोपलेली असते. म्हणजे भांडी भरणं, गाडी, वाटप हे सगळं तासाभरात. त्यातही भात सगळ्यात दगाबाज. 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत. मोठ्या पातेल्यात झाकण लावून भात तसाच ठेवला की मधला गाभा तासन् तास कोमट राहतो, बीजाणूंतून जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. "परत एक वाफ दिली की झालं" हा समज म्हणूनच धोक्याचा. पनीर, दही, खोबऱ्याची चटणी हे तर घेऊच नका. गरम पोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या की त्यांना घाम सुटतो, सकाळपर्यंत त्या चिकट होऊन वास मारायला लागतात.

आणि मेसमध्ये 'उरतं' म्हणजे नेमकं काय उरतं, हे आधी बघा. दोन बादल्या ठेवा: एक ताटात टाकलेल्या अन्नाची, दुसरी भांड्यात राहिलेल्याची. दोन आठवडे रोज दोन्ही वेळा वजन लिहा. ताटातलं कुणालाच देता येत नाही. भांड्यातलं उरतं ते मेसवाला अंदाजानं शिजवतो म्हणून. शनिवारी अर्धं वसतिगृह बाहेर जेवतं, आणि तांदूळ मात्र रोजच्याच मापानं पडतो. दुपारी चारपर्यंत "आज रात्री जेवणार नाही" असं व्हॉट्सअॅपवर कळवायची पद्धत लावली तर उरणंच कमी होतं. वाचलेल्या शिध्याचं काय करायचं, ते पुढे सांगतो.

एवढं करूनही शिजवलेलं वाटायचंच असेल, तर ते फूड बँकेमार्फतच वाटा. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, २०१९ ची नियमावली आहे, आणि वाटणाऱ्या संस्थेची नोंदणी लागते. मुलांनी स्कूटरवर डबे घेऊन निघणं त्यात बसत नाही. खुपसून तापमान मोजायचा डिजिटल थर्मामीटर घ्या, आणि तो पातेल्याच्या कडेला नव्हे, मधोमध खुपसा.

आता वाटायचा कोरडा शिधा. पिशवीत काय घालायचं, हे रेशनवर काय मिळतं त्यावरून ठरतं. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब, कुटुंबाला मिळून ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. म्हणजे ज्यांचं रेशन चालू आहे त्यांच्या घरी गहू-तांदूळ बहुधा असतो. नसते ती डाळ आणि तेल. तरीही देणगीत येतो तो तांदूळच, कारण देणाऱ्याला पोतं दिसायला मोठं लागतं. देणगी मागतानाच यादी हातात द्या. चार माणसांच्या घरासाठी महिन्याची एक पिशवी अशी: तूरडाळ २ किलो, मटकी १ किलो, हरभरे १ किलो, शेंगदाणे १ किलो, तेल २ लिटर, गूळ १ किलो, मीठ १ किलो, तिखट २५० ग्रॅम, हळद १०० ग्रॅम. वजन नऊ किलोच्या आसपास, म्हणजे एका बाईला चाळीचा जिना चढून नेता येईल एवढं. रेशन नसलेल्या घराला वर पाच किलो तांदूळ आणि पाच किलो पीठ, पण वेगळ्या पिशवीत.

यानं भागतं का? आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारसूचीत मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य धरलंय. चार माणसं, तीस दिवस: दहा किलोंच्या वर. मुलं कमी खातात हे धरलं तरी आपल्या पिशवीतलं चार किलो अपुरंच. मुलांकडून हा हिशेब एकदा फळ्यावर करून घ्या. मग "बिस्किटांचे पुडे टाकू का?" हा प्रश्न पुन्हा येत नाही.

भरताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे साबण. कुणीतरी मायेनं अंगाचा साबण त्याच पिशवीत टाकतं, आणि आठ दिवसांनी गूळ आणि पीठ त्या वासाचं होतं. साबण वेगळा द्या. तेलाच्या पिशव्या तळाशी गेल्या की दबून शिवणीतून पाझरतात. त्या शेवटी, उभ्या आणि आणखी एका पिशवीत घालून. तिखट आणि हळद डाळीच्या वर, मीठ एका कडेला. दुसरी चूक वजनाची. सुट्या डाळीचे पुडे बांधताना मुलं 'जरा सढळ' भरतात. दर पुड्यात ४० ग्रॅम जास्त गेले तर शंभर पुड्यांत चार किलो, म्हणजे दोन घरांची तूरडाळ गेली. वजन करणारे दोघे ठरवा आणि तासातासाला बदला, कारण तासानंतर काट्याकडे कुणी नीट बघत नाही. डाळ आदल्या दिवशी तोलून ठेवली असेल तर बारा मुलं चार तासांत शंभर पिशव्या आरामात भरतात. सुटं भगरीचं पीठ कुणी दिलं तर घेऊ नका. त्याला बुरशी लागते, आणि नवरात्रात त्यातून झालेल्या विषबाधेच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच.

साठवणीचं थोडक्यात: पोती जमिनीला आणि भिंतीला टेकू द्यायची नाहीत, खाली लाकडी किंवा प्लास्टिकची पॅलेट. ज्याची मुदत आधी संपणार ते आधी बाहेर. जे आधी आलं ते नव्हे. त्यासाठी प्रत्येक खोक्यावर मुदतीचा महिना मार्करनं हातभर मोठा लिहा. मुदतीला आठवडाही उरला नसेल तर नाही म्हणा, देणारा कितीही मोठा असो. पावसाळ्यात पीठ दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका, पोरकिडे होतातच.

पण मुलांचा खरा उपयोग पिशव्या भरण्यात नाही. ते काम कुणीही करेल. रेशन कार्डाच्या कामात शिकलेली, फोन सराईत वापरणारी, दुपारी मोकळी असणारी मुलं लागतात. कार्डावर सुनेचं नाव नाही, लहान मुलाचं नाव चढलेलं नाही, ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) अडकलीय, आजीचा अंगठा रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर उमटत नाही, कार्ड बीडचं आणि मुक्काम हडपसरला: असली घरं फूड बँकेच्या रांगेत भरपूर असतात. 'वन नेशन वन रेशन कार्ड'मुळे गावच्या कार्डावर शहरातल्या दुकानात धान्य घेता येतं, अगदी घरातल्या काहींचं गावी आणि काहींचं इथे असंही. हे अनेकांना ठाऊक नसतं, आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. वाटपाच्या जागी एक टेबल टाका. दोन मुलं, एक वही, एक फोन. वहीत रकाने पाचच: नाव, कार्डाचा क्रमांक, अडचण, कोणता कागद कमी, पुढची तारीख. आधारचे फोटो मुलांच्या फोनमध्ये राहता कामा नयेत. महिन्यानं त्याच वहीतून पाठपुरावा करायचा. चार माणसांच्या घराला एकदा रेशन सुरू झालं की महिना वीस किलो मिळत राहतं. एवढं धान्य गोळा करायला किती देणग्या लागतील बघा.

तासांचं गणित आधी कागदावर मांडा. नव्या शैक्षणिक धोरणातला समाजसहभागाचा प्रकल्प दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) असतो, एका श्रेयांकाला तीस तास. म्हणजे साठ: आठवड्याला चार तास, पंधरा आठवडे. एनएसएसचे वर्षाला १२०. फूड बँकेला १५ ऑगस्टला येणारी पन्नास मुलं नको असतात. त्या दिवशी त्यांना माणसं आवरावी लागतात. दर बुधवारी न चुकता येणारी आठ पुरतात. फूड बँकेशी करायच्या सामंजस्य करारात हे स्पष्ट लिहा: वार, वेळ, किती जण, न येणाऱ्यानं कधीपर्यंत कळवायचं, चावी कुणाकडे. आणि एक कलम फोटोचं: पिशवी घेणाऱ्याचा चेहरा कुठेही नाही, प्राचार्यांच्या हस्ते वाटप नाही, फ्लेक्स नाही. या कलमावर कॉलेजात कुरकुर होते. होऊ द्या.

आता मेसचा वाचलेला शिधा. रांगेतल्या घरांइतकीच भूक तुमच्या वसतिगृहातही आहे, फक्त ती सांगत नाही. एकच वेळची मेस लावलेली मुलं, दुसऱ्या वेळी वडापाव किंवा चहा-पाव. रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून सकाळचंच जरा जास्त जेवून घेणारी. सरकारच्या स्वाधार योजनेचे पैसे खात्यात यायची वाट बघणारी. अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांनीच १९९३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी फूड बँक काढली, ती याच कारणानं. आपल्याकडे कूपन सोपं पडतं. अंदाज नेमका झाल्यावर मेसवाल्याचे जे पैसे वाचतात, त्यातून महिन्याला ठरावीक जेवणांची कूपनं त्यानं द्यायची. कूपन इतरांच्या पासासारखंच दिसलं पाहिजे. ते ग्रंथालयातून किंवा एखाद्या शिक्षकाकडून द्या, अर्ज आणि उत्पन्नाचा दाखला न मागता. दाखला मागितला की ज्याला गरज आहे तोच येत नाही.

शेवटचा मुद्दा मे महिन्याचा, आणि बहुतेक उपक्रम तिथेच बंद पडतात. परीक्षा संपून मुलं गावी जातात. नेमकी तेव्हाच शाळाही बंद असते, म्हणजे प्राथमिकच्या मुलाला शाळेत रोज मिळणारं १०० ग्रॅम धान्याचं आणि २० ग्रॅम डाळीचं जेवण थांबतं आणि घरातली मागणी वाढते. दिवाळीत आलेल्या देणग्याही तोवर संपलेल्या असतात. म्हणून मेच्या पिशव्यांची डाळ आणि तेल मार्चमध्येच घेऊन ठेवा, मुदत बघून. शहरातच राहणारी सहा-सात मुलं फेब्रुवारीत हेरा आणि त्यांचे तास मेमध्ये धरा. दुसऱ्या वर्षाच्या दोघांना मार्चपासून वही, चावी आणि दुकानदारांचे नंबर हाताळू द्या. तिसऱ्या वर्षाची मुलं जूनमध्ये भेटत नाहीत.