कोंबडे बघायला शिकोकूला

जपानमध्ये हाताशी मोजके दिवस असताना क्योतोची देवळं सोडून कोंबडे बघायला कोण जातं, असं बहिणीने फोनवर विचारलं. मी जातो, असं तिला सांगितलं आणि ओकायामाहून ‘नानपू’ गाडी पकडली. सेतोचा समुद्र पुलावरून ओलांडला की शिकोकू बेट लागतं. मग डोंगर, खाली योशिनो नदीचं हिरवट पाणी आणि बोगद्यामागून बोगदा. अडीचेक तासांत कोची येतं. केरळातलं नव्हे, हे जुन्या तोसा प्रांतातलं. तिथल्या हारिमायाबाशी चौकातून पूर्वेकडे जाणारी ट्राम आपल्या चालीने डुगडुगत शिनोहाराला पोचवते. हे नानकोकू शहर, म्हणजे भातखाचरं, भाजीची हरितगृहं आणि मधेमधे घरं. ओनागादोरी हा लांब शेपटीचा कोंबडा याच परिसरातला.

एका घरामागच्या शेडमध्ये एक आजोबा त्यांचे पक्षी दाखवायला तयार झाले होते. मला वाटलं होतं, अंगणात शेपूट मिरवत फिरणारा राजबिंडा पक्षी दिसेल. दिसल्या त्या भिंतीला लावलेल्या उंच, अरुंद लाकडी पेट्या. त्यांना तोमेबाको म्हणतात. वरच्या बाजूला आडवी दांडी, तिच्यावर कोंबडा बसलेला. दाणा-पाणी थेट चोचीसमोर. पेटी इतकी अरुंद की त्याला मागे वळता येत नाही, आणि ती मुद्दामच तशी केलेली असते. वळला तर शेपटी पिळवटेल, पायाखाली येईल, विष्ठेत माखेल.

त्यातला एक कोंबडा शिराफुजी नावाच्या रंगाचा होता. मान आणि पाठ चांदीसारखी पांढरी, छाती काळी, शेपटीही काळी. आजोबांनी हात धुतले, पुसून कोरडे केले आणि शेपटीतलं एकच पीस वेगळं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. जेमतेम बोटभर रुंद, मऊ, किंचित तेलकट चकाकीचं. मी ते हाताने चाचपत खाली निघालो आणि गुडघ्यांवर बसलो, तरी टोक आलं नाही. पुढचं पीस एका आडव्या काठीवरून घडी घालून परत वर नेलेलं होतं.

साध्या कोंबड्याची पिसं दरवर्षी गळतात आणि नवी येतात, त्यामुळे शेपटी ठरावीक लांबीपुढे जात नाही. ओनागादोरीच्या शेपटीतली काही पिसं गळतच नाहीत आणि वर्षाला साधारण मीटरभर वाढत राहतात. हा गुण रक्तातला. पण नुसत्या रक्तावर भागत नाही. मोकळ्या फिरणाऱ्या पक्ष्याची पिसं घासून तुटतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या उभ्या पेट्या आल्या आणि मग लांबी झपाट्याने वाढली. 1972 मध्ये एका पक्ष्याच्या पिसाची नोंद 10.6 मीटर झाली. म्हणजे तिमजली इमारतीच्या गच्चीवरून सोडलं तर जमिनीला टेकेल.

मला तिथे खटकलं ते हेच. जगात मिरवणारी ती लांबी निम्मी कोंबड्याची, निम्मी पेटीची. आजोबा पक्ष्याला अधूनमधून खाली उतरवतात, शेपटी हातात धरून त्याच्या मागोमाग चालतात, पाय मोकळे करून आणतात. माया आहे, यात शंका नाही. तरी आमच्या कोकणातल्या घरचा कोंबडा उकिरडा उकरत, कोंबड्यांवर रुबाब करत जगायचा. त्याच्या वाट्याचं ऐहिक सुख या विक्रमवीराला नाही, एवढं मात्र खरं.

वंश पुढे न्यायचे कोंबडे वेगळे असतात. जोडी लागताना शेपटीची वाट लागते, म्हणून मिरवायचा भाऊ पेटीत आणि बाप व्हायचा भाऊ जमिनीवर. मादीची शेपटी अगदी साधी, पण तिच्या घराण्याकडे पाळणारे बारकाईने बघतात.

सुरुवात कशी झाली त्याची गोष्ट इथे सगळेच सांगतात. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, तोसाच्या सरदाराची मिरवणूक निघाली की भाल्यांच्या टोकांना लांब पिसांचे तुरे लावत. अशी पिसं देणाऱ्याला मान होता, म्हणून शेतकऱ्यांनी निवडून निवडून लांब शेपटीचे कोंबडे वाढवले. पुढे 1923 मध्ये या जातीला नैसर्गिक स्मारकाचा, म्हणजे सरकारने जपायच्या निसर्गठेव्याचा, आणि 1952 मध्ये विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. कोंबड्यांच्या बाकी कुठल्याच जपानी जातीला हा वरचा दर्जा नाही. पक्षी किंवा अंडी देशाबाहेर नेता येत नाहीत. युरोपात ‘फिनिक्स’ नावाने दिसतात ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडे गेलेल्या लांबशेपट्यांचा जर्मनीत इतर जातींशी संकर करून झालेले. दिसायला देखणे, पण त्यांची शेपटी गळते.

आजोबांना विचारलं, गावाला कधी जाता? ते हसले आणि शेजारच्या पेटीकडे बोट दाखवलं. दाणा, पाला, पाणी, सफाई, पिसं विंचरणं, सगळं रोजचं. मुलगा ओसाकात नोकरीला आहे आणि कोंबड्यांत त्याला रस नाही. ही तक्रार म्हणून नव्हे, हवामान सांगावं तशी सांगितली.

निघता निघता मागच्या खुराड्यातून लांबलचक आरव आला. तो तोतेन्को, याच भागातली दुसरी जात. एका दमात पंधरा सेकंदांहून जास्त आरवतो. त्याला पेटी लागत नाही, म्हणून मला तोच जास्त आवडला.

जाणार असाल तर रविवार धरून जा. कोची किल्ल्याच्या दरवाजासमोर सकाळी भला मोठा बाजार भरतो. पेंढ्याच्या जाळावर शेकलेला कात्सुओ मासा मीठ-लसूण लावून खातात. शाकाहारी असाल तर रताळ्याच्या भज्यांची रांग गाठा, ती सगळ्यात लांब असते.