साठच्या पुढे गाडी थरथरते? आधी शाफ्टवर खूण करा

इंदुरात जुनी अँबॅसिडर, ओम्नी किंवा जिप्सी बाळगणाऱ्याला पहिला सल्ला ठरलेला मिळतो: ‘भैया, व्हील बॅलन्सिंग करवा लो.’ ते होतं, कंप तसाच राहतो. मग टायर बदलले जातात, मग प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या लांब नळीचे, दोन्ही क्रॉस (टोकांचे वळणारे सांधे). नवे क्रॉस घातल्यावर थरथर वाढली, असंही सर्रास घडतं. अशा वेळी क्रॉसला शिव्या देण्याआधी एक विचारावं: शाफ्ट उतरवताना खूण केली होती का? बहुतेक वेळा केलेली नसते.

कंप कशाचा आहे हे त्याच्या चालीवरून कळतं. चाकाचा घेर २ मीटर आणि डिफरन्शियलचा (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचा) रेशो ४.५ धरा. ताशी ६० किमीला चाक मिनिटाला ५०० वेळा फिरतं, आणि प्रोपेलर शाफ्ट २२५०. म्हणजे सेकंदाला चाकाचे साधारण ८ फेरे आणि शाफ्टचे ३७. चाकाचा दोष असला तर स्टिअरिंग किंवा सीट डुगडुगते. धक्के जवळजवळ मोजता येतात. शाफ्टचा दोष असला तर बारीक, दाट थरथर येते. मागच्या सीटखाली, गिअरच्या दांड्यात ती जाणवते, आरशातलं चित्र धूसर होतं. क्रॉसच्या कोनाचा दोष एका फेऱ्यात दोनदा झटका देतो, म्हणून तो कंपापेक्षा घरघरीसारखा ऐकू येतो.

आता वजनाचा हिशेब. समजा शाफ्टची नळी ७५ मिमी व्यासाची आहे आणि तिच्यावरचं १० ग्रॅमचं बॅलन्सचं वजन गळून पडलं. ६०च्या वेगाला त्या एका ठिपक्यामुळे साधारण २ किलोचा ओढा फिरत राहतो. ८०ला तोच पावणेचार किलोच्या आसपास जातो, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ‘चाळीसला काही नाही, सत्तरला असह्य’ ही तक्रार त्यामुळेच.

रामबागेच्या गल्लीत किंवा राजवाड्याच्या गर्दीत यातलं काहीच कळणार नाही. सकाळी लवकर सुपर कॉरिडॉरला किंवा बायपासला जा, टायरमधली हवा आधी सारखी करून. कंप ज्या वेगाला सुरू होतो तो आकडा लिहून ठेवा. त्याच वेगाला एक गिअर खाली टाका. इंजिनाचे फेरे वाढले तरी कंप त्याच वेगाला तसाच आला, तर तो गिअरबॉक्सच्या मागचा आहे. कंप इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर सरकला, तर शाफ्ट सोडा आणि क्लच, फ्लायव्हील, इंजिनाचं फाउंडेशन (ज्या रबरांवर ते बसतं) बघा. मग मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी घरंगळू द्या; तरी कंप राहिला तर संशय शाफ्ट आणि चाकांवरच. इंजिन मात्र चालूच ठेवा. बंद केलं की व्हॅक्यूमवाल्या ब्रेकचा जोर जातो.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कंप आणि सोडला की शांत, असं असेल तर झिजलेला क्रॉस किंवा जोर पडल्यावर बदलणारा पिनियनचा (शाफ्टचा जोर डिफरन्शियलमध्ये घेणाऱ्या गिअरचा) कोन बघावा. दाबा, सोडा, काही फरक नाही आणि वेगाबरोबर फक्त वाढतो, तर बॅलन्स गेला आहे किंवा नळी वाकली आहे. जागचं उठताना १० ते २५ किमीलाच गाडी थडथडते आणि पुढे गप्प होते, तर दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये सेंटर बेअरिंगचं रबर बघा. हळू वेगात ‘चीं-चीं’ असा आवाज येणं म्हणजे कोरडा क्रॉस. क्लच सोडताना खालून ‘टण’ झालं तर क्रॉसमध्ये ढिलाई आली आहे.

जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) वेगळी असल्यामुळे शाफ्ट तीन आहेत: एक आखूड, गिअरबॉक्सपासून ट्रान्सफर केसपर्यंत, आणि तिथून पुढच्या-मागच्या हाउसिंगकडे (डिफरन्शियल असलेल्या आडव्या धुरीकडे) एकेक. पुढचा शाफ्ट उतरवून टू-व्हीलमध्ये चालवून पाहिलं की एक संशयित लगेच बाद होतो. मारुती ८०० किंवा झेनचं प्रकरण वेगळं आहे. त्यांत लांब शाफ्टच नाही. जोर लावताना पुढून थडथड आली तर आतला सीव्ही जॉइंट (चाकाकडच्या आखूड शाफ्टचा सांधा), वळताना कटकट आली तर बाहेरचा. तिथेच विषय संपतो.

आता गाडीखाली. सपाट फरशी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, आणि मागच्या हाउसिंगखाली दोन घोड्या (लोखंडी स्टँड). घोड्या चॅसिसखाली लावल्या तर हाउसिंग लोंबतं आणि शाफ्टचा कोनच बदलतो; मग जे दिसेल ते खोटं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका.

पहिलं काम पाण्याच्या पाइपाने धुण्याचं. माळव्याची काळी माती पावसाळ्यात नळीला एकाच बाजूने चिकटते आणि वाळून दगड होते. शेतावर जाणाऱ्या गाडीचा कंप नुसत्या धुण्याने गेला तर आश्चर्य मानू नये. अंडरकोटिंग करणाऱ्याने शाफ्टवर डांबरासारखा थर मारला असेल तर तोही खरवडून काढा. धुतल्यावर नळीच्या दोन्ही टोकांकडे बॅटरी मारा. आजूबाजूला काळपट गंज आणि मध्येच नखाएवढा चौकोन उजळ, त्यात स्पॉट वेल्डिंगचे दोन ठिपके, असं दिसलं तर तिथलं वजन पडलं आहे. नळीला पोचा असेल तर तोही बोटाला लागतो.

क्रॉस तपासताना हँडब्रेक सोडा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. एका हाताने फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडला जातो ती चकती) धरा, दुसऱ्याने शाफ्ट उलटसुलट पिळा, मग वर-खाली उचला. नुसत्या डोळ्याला दिसेल एवढी हालचाल म्हणजे क्रॉस गेला. कपाच्या (क्रॉसच्या टोकावरच्या वाटीच्या) कडेला तांबूस भुकटी दिसली तर आतल्या नीडल (सुईसारखे बारीक रोलर) कोरड्या घासताहेत. शेवटी पिनियनची फ्लँज स्वतंत्र धरून वर-खाली हलवा. ती हलली तर पिनियनचं बेअरिंग गेलं आहे आणि नव्या क्रॉसने काही साधणार नाही. पण मधला नट पाना लावून कसू नका. बेअरिंगचा दाब त्याच नटावर बसवलेला असतो. तो बिघडला की डिफरन्शियल रडायला लागतं. गिअरबॉक्सच्या फाउंडेशनचं रबर चिरलं असेल तर ते याच फेरीत बदला.

दोन्ही मागची चाकं वर असताना इंजिन चालवून बघता येतं. चाकं काढून ड्रम नट उलटे लावून कसले आणि त्याच वेगाला कंप नाहीसा झाला, तर दोष चाका-टायरचा. राहिला तर शाफ्टचा किंवा ड्रमचा. हे करताना एकच चाक उचलू नका. डिफरन्शियलमुळे काटा ६० दाखवत असताना ते एकटं चाक १२०ने फिरतं, आणि दुसऱ्याने पकड घेतली की गाडी घोडीवरून उडी मारते. फिरत्या शाफ्टखाली कुणी जायचं नाही.

मग खूण. पिनियनच्या फ्लँजवर आणि शाफ्टच्या फ्लँजवर एकसंध रेघ, स्लिप योक (क्रॉस धरणारा, मागे-पुढे सरकणारा दुबेळका तुकडा) आणि नळीवर दुसरी रेघ. खडू पुसला जातो, पांढरा ऑइल पेंट वापरा किंवा सेंटर पंचने ठिपके मारा. स्लिप योकची रेघ का, तर क्रॉसचं गणितच तसं आहे. कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो, दोनदा कमी करतो. १० अंशाला हा चढउतार दीड टक्क्याच्या आसपास, ३ अंशाला नगण्य. पुढचा क्रॉस जे बिघडवतो ते मागचा दुरुस्त करतो, पण दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील तरच. स्प्लाइनवर (योक ज्या दातेरी खाचांवर सरकतो तिथे) एक दात चुकला की दुरुस्ती अर्धवट राहते. योक गिअरबॉक्सच्या आतच सरकणारा असेल तर शाफ्ट ओढताच मागून तेल येतं. ट्रे खाली ठेवा आणि तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधा.

क्रॉस काढायला मोठा व्हाइस आणि दोन सॉकेट पुरतात. आधी चारही लॉक (कप जागी धरणाऱ्या क्लिपा) काढा. गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. कपापेक्षा किंचित लहान सॉकेट एका बाजूला, कप आत मावेल असं मोठं दुसऱ्या बाजूला, आणि व्हाइस आवळत जा. घणाने ठोकून किंवा गॅसने तापवून काढलेला क्रॉस लवकर निघतो खरा, पण योकचा कान वाकला की पुढचे सगळे क्रॉस त्यात वाकडेच बसतात. जुन्या क्रॉसच्या खुंटीवर नख फिरवून बघा. नीडलच्या रुंदीच्या खाचा लागतील, आणि झीज कुठे झाली ते कळेल.

नवा बसवताना कानांच्या खोबणी पातळ सँडपेपरने साफ करा. कपातल्या नीडल ग्रीसने भिंतीला चिकटवा आणि कप सरळ आत ढकला. इथेच घोळ होतो: एखादी नीडल तळाशी आडवी पडते, कप पूर्ण आत जात नाही, लॉक खाचेत बसत नाही. तो हातोडीने बसवायला गेलात तर नीडल तुटते आणि काही किलोमीटरांत क्रॉस संपतो. लॉक बसेना झालं की कप परत काढायचा, दुसरा उपाय नाही. दोन्ही बाजूंचे लॉक सारख्याच जाडीचे हवेत, नाहीतर क्रॉस मध्यावर येत नाही आणि सगळा शाफ्ट एका बाजूने फिरतो. बसल्यावर क्रॉस बोटांनी सगळीकडे सारखा वळला पाहिजे. अडकत असेल तर कानावर तांब्याच्या हातोडीने हलके दोन टोले. तेवढ्याने कप मोकळे होतात. ग्रीस लिथियमचं, २ नंबरचं, चारही सीलमधून डोकावेपर्यंत. तीन सीलमधून आलं आणि चौथ्यातून नाही, तर तिथे नीडल कोरडीच आहे.

जुन्या गाड्यांत शाफ्टचा कोन बिघडतो तो पाटे (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसल्यामुळे, त्यांचे यू बोल्ट ढिले झाल्यामुळे किंवा मधला सेंटर बोल्ट तुटल्यामुळे. गाडी चाकांवर उभी असताना चुंबकाच्या कोनमापकाने तीन आकडे घ्या: गिअरबॉक्स, नळी, पिनियन. समजा गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरता, नळी ५.५, पिनियन ३. दोन्ही क्रॉस २.५ अंशावर आहेत, उत्तम. पाटे बसून पिनियन १वर आला, तर मागचा क्रॉस ४.५वर जातो आणि फरक २ अंशांचा होतो. १ अंशाच्या आत आणायला २ अंशांची पाचर घालतात. पाटे हाउसिंगच्या वर असतील तर पाचरीची जाड बाजू मागे, खाली असतील तर पुढे, म्हणजे पिनियनचं नाक उचललं जातं. उंची वाढवून घेतलेल्या जिप्सीला हे मोजल्याशिवाय सोडू नये. कोन शून्य आणायचा मोहही टाळा. नीडल जागच्या हलल्या नाहीत की त्याच रेघेत खड्डा पाडतात.

नळी वाकडी आहे का ते डायल गेजने: मधोमध अर्ध्या मिमीच्या आत हवी. त्याहून जास्त असेल तर देवास नाक्याकडच्या ट्रकवाल्यांच्या भागात शाफ्ट बॅलन्स करणारे गाठा आणि नवे क्रॉस बसवूनच शाफ्ट न्या. तिथे दोन गोष्टी स्पष्ट सांगा: आधी नळी सरळ करा, मग दोन्ही टोकांना वजन लावा. नवी नळी टाकायची असेल तर बाहेरचा व्यास आणि जाडी जुन्याइतकीच. पाण्याचा पाइप वेल्ड करून देणारेही भेटतात. तो वेगात मध्ये झोल खातो.

एवढं शक्य नसेल तर घरी दोन होज क्लिपांवर काम भागतं. नळीच्या मागच्या टोकाला चार भाग करून १ ते ४ आकडे लिहा. क्लिपचा स्क्रू १वर, चक्कर मारा. मग २, ३, ४. जिथे कंप सर्वांत कमी, तिथे दोन्ही क्लिपांचे स्क्रू आणा आणि दोन्हीकडे सारखे थोडे थोडे फाकवत जा. प्रत्येक चक्कर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला. कमीत कमी जागा सापडली की स्क्रू घट्ट करून क्लिपांच्या शेपट्या कापा, आणि खाली हँडब्रेकची केबल लागत नाही ना ते बघा.

फ्लँजचे नट एकदा निघाले की नवे घ्या. अँबॅसिडरला मापं इंची, मिमीचा पाना लावून कोपरे मारू नका. १०० किमीनंतर परत कसा. आणि पावसाळ्यात गाडी साचलेल्या पाण्यातून गेली असेल तर ग्रीसगन दुसऱ्याच दिवशी काढा, ऑक्टोबरची वाट बघू नका.