बघू की

ऑगस्ट 2025. शुक्रवारी दुपारी गौरींच्या साड्यांना इस्त्री करत होते, तेवढ्यात शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा दारात उभा. हातात पट्टीनं रेघा मारलेला कागद, कानावर पेन्सिल. गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी एक ओळ आणि दोन रकाने, एक मिशिगनचा, दुसरा न्यू मेक्सिकोचा. उद्या संध्याकाळी साडेसातला या दोन विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलच्या हंगामातला पहिला सामना, आणि प्रत्येकानं आजच आकडा लिहून द्यायचा. जवळ जाईल त्याला चॉकलेटचा डबा. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी 56-3 लिहिलं होतं. त्यांच्या बायकोनं 63-0. आमची ओळ कोरी.

"रात्री देते," मी म्हटलं.

"रात्री किती वाजता?"

अमेरिकेत मुलांना 'रात्री देते'चा अर्थ कळत नाही. त्यानं आत डोकावून गणपतीकडे पाहिलं. यंदा मखराला नवऱ्यानं निळा आणि पिवळा, म्हणजे मिशिगनच्याच रंगांचा कागद लावलाय. मुद्दाम लावला की दुकानात तेवढेच रंग उरले होते, हे तो मला सांगत नाहीये. पोरगं मात्र खूश झालं. बाप्पाला अंगठा दाखवून "गो ब्लू" म्हणालं आणि कागद माझ्या हातात कोंबून पळालं.

मला आकडा सांगता येत नाही असं नाही. मिशिगन विद्यापीठाच्या या गावात, ॲन आर्बरमध्ये, इतकी वर्षं काढल्यावर तेवढं कुणालाही येतं. दोन वर्षांपूर्वी मिशिगननं पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. गेलं वर्ष बेताचं गेलं, 8-5, पण शेवटी कट्टर वैरी ओहायो स्टेटला त्यांच्या घरी जाऊन 13-10 हरवलं, त्यामुळे इथल्यांनी बाकी सगळं माफ केलं. यंदा देशभरातल्या संघांच्या क्रमवारीच्या यादीत चौदावा नंबर. ही यादी एकही सामना झालेला नसताना लागते, म्हणजे पेपर लिहायच्या आधीच गुणवत्ता यादी. न्यू मेक्सिको असं कुठल्याच यादीत नाही. खरं तर गल्लीत उद्याच्या सामन्याबद्दल कुणी बोलतच नाही, सगळे बोलतात ते पुढच्या शनिवारच्या ओक्लाहोमाबद्दल. उद्याची म्हणजे रंगीत तालीम.

हे 'रंगीत तालीम' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

नाट लावणं या शब्दाला इंग्रजीत मला अजून नीट जोड सापडलेली नाही. आहे एक शब्द, पण त्यात आमच्या आजीचा आवाज नाही. आजी चुलीवर दूध असताना "आज साय छान येणार" एवढंसुद्धा म्हणू द्यायची नाही. मुंबईची गाडी वेळेवर आहे असं कुणी म्हटलं की ती गाडीच्या वतीनं कानाच्या पाळ्यांना हात लावायची. आणि काका तर फुटबॉल खेळायचा, म्हणजे घरात नाट लागायला कायमच जागा होती.

कोल्हापूरच्या लोकांना फुटबॉल सांगायला नको. बाकीच्यांना सांगून पटत नाही. थंडी पडायला लागली की पेठापेठांत वारं फिरायचं. आम्ही शिवाजी पेठेतले. समोर पाटाकडील तालमीची टीम असेल तर त्या आठवड्यात मंगळवार पेठेतल्या दुकानातून आमच्याकडे साखरसुद्धा यायची नाही. पहिल्या मॅचच्या आदल्या रात्री काका मोरीत उकिडवा बसून स्वयंपाकघरातल्या सुरीनं बुटाच्या स्टडमधली गेल्या वर्षीची माती खरवडायचा. वर्षभर ती माती तशीच ठेवायचा, आणि ती काढली की हंगाम सुरू. आजी सुरीवरून ओरडायची आणि तो "उद्या नवी आणतो" म्हणायचा. नवी सुरी कधी आली नाही. मग तो पानपट्टीवर जायचा आणि मी त्याच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर.

"काय, उद्या किती घालणार?" पानवाला विचारायचा.

"बघू की."

"बघू की काय? आपली टीम लई भारी हाय यंदा."

"बघू की," काका पुन्हा तेच म्हणायचा आणि चुना मागायचा.

मला त्या 'बघू की'चा भयंकर राग यायचा. एका वर्षी दुसरीच्या वर्गात मी उभी राहून जाहीर केलं, आमचा काका उद्या तीन गोल मारणार. शाहू स्टेडियमवर दुसऱ्या दिवशी आमची टीम एक-शून्यनं गेली आणि काकानं मारलेला एक बॉल खांबाला लागून परत आला. घरी कुणी मला काही बोललं नाही. पण शाळेतली बातमी घरापर्यंत आलेली होती आणि आजीनं त्या रात्री माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, एवढं माझ्यापुरतं पुरेसं होतं.

तरी माणूस विसरतो. मी 2007 मध्ये पुन्हा बोलले.

तेव्हा नवरा इथे पीएच.डी. करत होता आणि आम्ही स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर एका ऐंशीच्या घरातल्या बाईंकडे भाड्यानं राहायचो. सामन्याच्या दिवशी त्या भागातली घरं अंगणात गाड्या लावून घेतात. लाखावर माणसं येणार, गाड्या ठेवणार कुठे? घरमालकीणबाई पुठ्ठ्यावर दर लिहून खुर्ची टाकून बसायच्या. कंबर धरल्यामुळे गाड्यांना हात दाखवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. 1 सप्टेंबर, हंगामातला पहिला सामना, दुपारी बाराचा. माझ्या लेखी श्रावणातला शनिवार, त्यामुळे पहाटेच साबुदाणा भिजवलेला. आणि सकाळी नऊपासून अंगणात सात शेगड्या पेटलेल्या, त्यांवर काय काय भाजलं जात होतं ते मी सांगत नाही. उपवास नाकानं मोडतो का, हे मी फोनवर आईला विचारलंही होतं. आई म्हणाली, दुसरीकडे तोंड कर.

तेव्हा मिशिगन पाचव्या नंबरवर होतं. समोर ॲपालाचियन स्टेट. नॉर्थ कॅरोलायनातल्या बून नावाच्या डोंगरातल्या गावाचं कॉलेज. ते खालच्या गटातले. त्या गटात लागोपाठ दोन वर्षं अजिंक्य, पण शेवटी खालच्याच. अशा संघांना मोठी विद्यापीठं पहिल्या सामन्याला बिदागी देऊन बोलावतात. यांना चार लाख डॉलर दिले होते. जत्रेत मोठ्या पैलवानाला घाम यावा म्हणून आधी एखादा पोरगा लावून देतात, तसा व्यवहार.

साडेनऊला काळ्या-सोनेरी टोप्या घातलेलं एक म्हातारं जोडपं गाडी घेऊन आलं. रात्रभर चालवत आले होते. काच खाली करून आजोबा म्हणाले, आम्हाला जरा तोंडाशी जागा द्या, सामना हातातून गेला की मध्यंतरालाच निघू, लांब जायचंय. अंगण अरुंद, गाड्या एकामागे एक लागायच्या. मागच्याला निघायचं तर पुढच्यानं आधी निघायला हवं. बाईंनी त्यांना बाजूला थांबवलं, मिशिगनच्या सात गाड्या आत घेतल्या आणि मग अगदी फाटकाशी यांची लावून दिली. आजींनी माझे दहादा आभार मानले. मला त्यांची दया आली. मी म्हटलं, "काळजी करू नका, तुम्ही लवकर सुटाल."

हे माझे शब्द.

सामना आम्हाला दिसला नाही. मिशिगन ज्या बिग टेन साखळीत खेळतं तिची नवी वाहिनी दोनच दिवसांपूर्वी सुरू झालेली, ती आमच्याकडे लागत नव्हती. पण दहा मिनिटांवरचं स्टेडियम ऐकू येतं. 1,09,000 माणसं एकदम ओरडली की खिडकीची काच हलते. त्या दिवशी काच सुरुवातीला हलली, मग हलेनाशी झाली. मध्यंतराला बाईंनी रेडिओचा आवाज वाढवला. 28-17. पुढे कोण आहे हे मला दोनदा विचारावं लागलं. ॲपालाचियनचा अर्मांटी एडवर्ड्स नावाचा एक किडकिडीत पोरगा मिशिगनच्या दांडग्या पोरांमधून मासळीसारखा सुळकन निघून जात होता म्हणे.

शेवटची पाच मिनिटं राहिली असताना माइक हार्ट 54 यार्ड पळाला आणि मिशिगन 32-31 नं पुढे गेलं. काच पुन्हा हलली. बाईंनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. मी, देवा शपथ, एक अक्षर बोलले नाही. 26 सेकंद उरले असताना ॲपालाचियननं बॉलला लाथ मारून तीन गुण घेतले, 34-32. मग मिशिगननं एक लांबलचक पास टाकला आणि सहा सेकंद असताना 37 यार्डांवरून त्यांच्याही लाथेची पाळी आली. ॲपालाचियनच्या कोरी लिंचनं ती अडवली आणि बॉल घेऊन पळत सुटला. काच हलली नाही. लाखभर माणसांचा आवाज जातो म्हणजे काय होतं, ते मी तेव्हा ऐकलं. लांबून कुठूनतरी पोटमाळ्यावर उंदीर पळावेत तसा थोड्याशा लोकांचा कल्ला येत होता, तो बूनवाल्यांचा.

कोल्हापूरची असल्यामुळे मला या खेळाच्या नावाबद्दल पहिल्यापासून तक्रार आहे. सगळा खेळ हातानं खेळायचा आणि नाव फुटबॉल. त्या दिवशी ती तक्रार मी मागे घेतली. शेवटच्या अर्ध्या मिनिटाचा निकाल पायानंच लागला.

मग लोक गाड्यांकडे परत आले. सात गाड्यांचे वीसेक लोक, पिवळ्या-निळ्या कपड्यांत, आणि एकालाही निघता येईना, कारण फाटकाशी नॉर्थ कॅरोलायनाची गाडी. तिचे मालक कुठे असणार? आत स्टेडियममध्ये, नाचत. मध्यंतरालाच निघणारे. अर्धा तास गेला, तास गेला. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी चिडलं नाही. सुतकातल्या घरासारखं अंगण. एक जाडजूड मनुष्य बंपरवर बसून गवत उपटत होता. मला काही सुचेना म्हणून मी साबुदाण्याची खिचडी कागदी बश्यांमध्ये वाढून आणली. काय आहे, कशाची आहे, कुणी विचारलंही नाही. एरवी ज्या लोकांना मिरची पाहून घाम फुटतो त्यांनी हिरव्या मिरच्यांसकट खाल्ली आणि डोळे पुसले. कशामुळे पुसले कोण जाणे.

दीड तासानं आजी-आजोबा आले. आजोबांचा आवाज पार बसलेला. अंगणातली गर्दी पाहून त्यांना एकदम सगळा प्रकार कळला आणि तोंडावर हात गेला. बंपरवरचा मनुष्य उठला, मला वाटलं आता काहीतरी होतंय. त्यानं हात पुढे केला. आजोबांनी दोन्ही हातांनी तो धरला. मग आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू म्हणाली होतीस लवकर सुटाल." त्या हसत होत्या. मला मात्र मीठ-मोहऱ्या आठवल्या.

तिकडे बूनमध्ये पोरांनी मैदानातला गोलचा खांब उपटला आणि मिरवत नेऊन कुलगुरूंच्या अंगणात टाकला. आपल्याकडे गुलाल उधळून परवडतं. मिशिगन पुढच्या यादीत पाचवरून थेट यादीच्या बाहेर गेलं. पुढच्या शनिवारी, ज्याची सगळ्यांना काळजी होती, त्या ऑरेगननं 39-7 नं धुतलं.

तेव्हापासून मी आकडा सांगत नाही. पुढे 2014 साली तेच ॲपालाचियन पुन्हा पहिल्याच सामन्याला आलं, तेव्हा मी तीन दिवस तोंड शिवून होते आणि मिशिगननं 52-14 नं जिंकलं. श्रेय मी मागितलं नाही.

यंदा खेळवणारा, म्हणजे सगळी सूत्रं हातात असणारा मुलगा ब्राइस अंडरवुड. इथून अर्ध्या तासावरच्या बेलव्हिलचा. शाळेतून थेट आलेला, आणि उद्या पहिल्याच सामन्यात पहिल्या मिनिटापासून तो. देशातल्या त्याच्या वयाच्या पोरांत पहिल्या नंबरचा म्हणून आणलेला. 2007 मधल्या पोरांना एक पैसा घ्यायची परवानगी नव्हती, याच्या कमाईचे आकडे पेपरात दशलक्षांत येतात. जन्म ऑगस्ट 2007. म्हणजे मी फाटकाशी उभी राहून नाट लावत होते तेव्हा हा पाळण्यात.

संध्याकाळी कोल्हापूरला फोन लावला, तिकडे पहाट. काका लवकर उठतो, गुडघे झोपू देत नाहीत. कागदाचं सांगितलं. तो हसला.

"मग काय लिहिलंस?"

"काही नाही. तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"तू कधी सांगायचास? नुसतं बघू की, बघू की. नाट लागेल म्हणून."

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला.

"नाट कसली," काका म्हणाला. "तोंड उघडलं असतं तर उलटी झाली असती. पहिल्या मॅचच्या आदल्या रात्री मोरीत काय फक्त बूट घासायचो व्हय मी? आईला ठाऊक होतं. सुरीवरून ओरडायची ती त्यासाठीच, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून." मग म्हणाला, "किती वर्षांचा म्हणालीस पोरगा?"

"अठरा."

"जेवला असंल का गं आज?"

कागद अजून फ्रिजवर आहे. आठ वाजून गेलेत, पोरगं दोनदा खिडकीतून बघून गेलं.