नोटीस पिरियडचा रकाना

मी पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. त्यामुळे कुठल्याही नव्या देशाची ओळख मला नकाशावरून होत नाही, आमच्या सेटिंगच्या पानावरून होते. नोटीस पिरियड किती, किमान वेतन किती, शेवटचा पगार किती दिवसांत. गेल्या शरद ऋतूत, म्हणजे २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हे रकाने ज्या माणसांवर लागू होतात ती प्रत्यक्ष बघायचा योग आला. कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो आणि बर्लिन कामासाठी, त्याला जोडून सुट्टी टाकून कोपनहेगन आणि एस्टोनियातलं टालिन.

कॅलिफोर्नियात आमचा नोटीस पिरियडचा रकाना शून्य आहे. म्हणजे मालकाने आज सांगावं आणि माणसाने आजच पिशवी उचलावी. माणसानेही तसंच, आज सांगून आज निघावं. हे मला तोंडपाठ होतं. पण तिथे पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी दिसली, आणि कॉफी संपेपर्यंत कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, तेव्हा शून्य म्हणजे काय ते कळलं. नारळ देतात म्हणतो आपण. इथे नारळ फुटल्याचा आवाजही येत नाही.

मात्र त्याच दिवशी एचआरमधली बाई आमच्याच सॉफ्टवेअरवर घाईघाईने हिशेब काढताना दिसली. कारण कॅलिफोर्नियाचा कायदा माणसाला का काढलं हे सहसा विचारत नाही, पण पैसे कुठे आहेत हे लगेच विचारतो. काढलेल्या माणसाचा सगळा पगार, साठलेल्या रजेच्या पैशांसकट, त्याच वेळी हातात द्यावा लागतो. न सांगता सोडून गेला तर ७२ तासांत. जाणूनबुजून उशीर केला तर प्रत्येक दिवसामागे एका दिवसाचा पगार दंड, जास्तीत जास्त ३० दिवस. म्हणून बोलावणं नंतर जातं, चेक आधी तयार होतो. अमेरिकेत नियमच नाहीत असं म्हणणाऱ्यांना ही बाई त्या सकाळी दाखवायला हवी होती.

आमच्या टीममधला एकजण मला संध्याकाळी ॲडिसन अव्हेन्यूवरच्या ३६७ नंबरच्या घरापाशी घेऊन गेला. ह्युलेट आणि पॅकार्ड यांनी जिथे एचपी कंपनी सुरू केली ते प्रसिद्ध गॅरेज. आत सोडत नाहीत. फुटपाथवरून बघायचं, समोर फलक आहे तो वाचायचा, फोटो काढायचा. हिरव्या दाराची साधी शेड आहे. तो म्हणाला, "खरं देऊळ हे नाही. ते पलीकडे माउंटन व्ह्यूमध्ये, सॅन अँटोनियो रोडवर." तिथे ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक, विल्यम शॉकली, याची प्रयोगशाळा होती. १९५७ साली तिथले आठ जण साहेबाच्या जाचाला कंटाळून एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही चिपची कंपनी काढली. त्या आठांतल्या नॉइस आणि मूर यांनी १९६८ साली फेअरचाइल्डही सोडली आणि इंटेल काढली. गावभर हीच वंशावळ पसरलेली आहे.

हे जमलं त्याला हवापाणी कारण नाही. 'नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही' अशी अट कॅलिफोर्नियात कागदावर लिहिली तरी ती रद्दबातल असते, आणि हे कलम १८७२ सालचं आहे. तेव्हा टेलिफोनसुद्धा निघायचा होता. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या डोक्यात चिप असणं शक्यच नाही. उलट पूर्वेकडच्या मॅसॅच्युसेट्समध्ये, जिथे एके काळी संगणक उद्योग कॅलिफोर्नियाच्या तोडीस तोड होता, ही अट सर्रास चालायची. २०१८च्या कायद्याने तिला साधारण वर्षभराची मर्यादा घातली.

मला गॅरेज दाखवणाऱ्याची नऊ वर्षांतली ही पाचवी कंपनी. हे त्याने वय सांगावं तसं सांगितलं. आमच्या सॉफ्टवेअरमधला 'शेवटचं लॉगिन' हा रकाना त्याने केलेला. कोणता कर्मचारी सिस्टिममध्ये शेवटचा कधी आला, किती वेळ होता, हे एका नजरेत दिसतं. तिथल्या ग्राहकांना हा रकाना फार आवडतो. तोही त्याच्यावर खूश होता, आणि मीही, खोटं कशाला बोलू.

परतताना सॅन फ्रान्सिस्कोत वेमोच्या चालकाविना गाडीत बसलो. पहिली दोन मिनिटं स्टिअरिंग आपलं आपण फिरताना बघितलं, पुढची दहा फोन. इतक्या लवकर माणूस सरावतो. या गाड्यांनाही इथे दोन वेगवेगळ्या राज्य खात्यांचे परवाने लागतात, आणि २०२३ साली चोवीस तास भाडं घ्यायला मंजुरी मिळाली तेव्हा शहराचेच अधिकारी विरोधात उभे होते. मंजुरी राज्याची, रस्ते शहराचे.

बर्लिनमध्ये आमचं प्रात्यक्षिक अकराव्या मिनिटाला थांबलं.

टेबलाच्या टोकाला एक पन्नाशीचे गृहस्थ वही घेऊन बसले होते. मला वाटलं हिशेबनीस असतील. ते निघाले बेट्रिब्सराटचे, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या समितीचे. जर्मनीत पाच माणसांच्या कंपनीतसुद्धा अशी समिती निवडता येते. 'शेवटचं लॉगिन' पडद्यावर आलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे काय आहे?" मी उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "हे आम्ही अजून मंजूर केलेलं नाही." आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. कर्मचाऱ्याच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवू शकेल असं कुठलंही तांत्रिक साधन आणायचं तर तिथे समितीची संमती लागते. कायद्यातलं ८७वं कलम. नजर ठेवायचा हेतू नव्हता हे सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण न्यायालयांनी 'ठेवता येते का' एवढंच बघायचं असं मानलंय. आणि आमच्या रकान्याने ती ठेवता येत होती, हे मी स्वतःच दहा वाक्यांत सिद्ध करून बसलो होतो.

मी विचारलं, रकाना लपवला तर? ते म्हणाले, लपवलेला आहे हे कोण तपासणार? प्रश्न रास्त होता. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि आम्हाला जेवायला घेऊन गेले.

जेवताना कळलं, त्यांच्या कंपनीतल्या एका तरुणाने ई-मेलने राजीनामा दिला आणि नव्या नोकरीच्या तयारीला लागला. आठवड्याने त्याला कळवलं की राजीनामा झालेलाच नाही. जर्मनीत नोकरी सोडायची असो वा सोडवायची, कागदावर शाईची सही लागते. इलेक्ट्रॉनिक स्वरूप चालणार नाही असं दिवाणी संहितेत स्पष्ट लिहिलंय. बिचारा प्रिंटर शोधत फिरला. मी हसलो. मग त्यांनी दुसरी बाजू सांगितली: हेच कलम आहे म्हणून कुणाला रात्री अकरा वाजता फोनवर मेसेज टाकून काढता येत नाही. माझं हसू तिथेच विरलं.

नोकरी संपताना मिळणाऱ्या प्रशस्तिपत्राची गंमत तर मला इतकी आवडली की मी ती वहीत उतरवून घेतली. ते मागणं हा तिथे कर्मचाऱ्याचा हक्क आहे, आणि त्यात उगाच वाईट लिहायला परवानगी नाही. मग वाईट माणसाबद्दल लिहायचं कसं? चांगल्या शब्दांची उतरंड करून. 'सदैव आमच्या परिपूर्ण समाधानाचं काम केलं' म्हणजे पहिला नंबर. 'परिपूर्ण'चं नुसतं 'पूर्ण' झालं की दुसरा. 'सदैव' गेलं की तिसरा. आणि 'आमच्या समाधानाचं काम केलं' असं वाचायला मिळालं तर समजायचं, जेमतेम पास. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत 'मुलगा स्वभावाने गरीब आहे' म्हणतात त्यातलाच प्रकार, फक्त इथे त्यावर खटले चालतात.

हे सगळं एवढं जपून का, असं तिथे कुणालाही विचारलं की उत्तर तयार असतं: श्टाझी. पूर्व जर्मनीची गुप्त पोलीस यंत्रणा. लिचटेनबर्ग भागातलं त्यांचं मुख्यालय आता संग्रहालय आहे, तेही पाहिलं. दुधाने तोंड पोळलंय म्हणून ताक फुंकून पितात, हे पटतंच. पण मला तारखा जुळेनात. जगातला पहिला विदासंरक्षण, म्हणजे लोकांच्या माहितीच्या संरक्षणाचा, कायदा हेसेन राज्याने केला १९७० साली, आणि हेसेन पश्चिमेत. श्टाझी पलीकडच्या देशात. स्वतःच्या माहितीवर स्वतःचा हक्क आहे असं घटना न्यायालयाने म्हटलं ते १९८३ साली, जनगणनेच्या प्रश्नावलीवरून झालेल्या भांडणात. तेही पश्चिमेतच, भिंत पडायला सहा वर्षं असताना. २०१० साली गूगलने वीस शहरांच्या रस्त्यांची चित्रं आणायची ठरवली तेव्हा जवळपास अडीच लाख कुटुंबांनी आपापली घरं धूसर करून घेतली, त्यांना काय फक्त श्टाझी आठवत होती? दप्तरात नाव चढलं की पुढे काय होऊ शकतं हे त्या देशाने श्टाझीच्याही आधी, नाझींच्या काळात, पाहिलेलं आहे. एवढं म्हणून मी तो विषय सोडून दिला, कारण माझ्यासमोर जे गृहस्थ होते त्यांना इतिहासाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना माझा एक रकाना नको होता.

कोपनहेगनबद्दल थोडक्यात, कारण चारातले तीन दिवस पावसात गेले. डेन्मार्कमध्ये आमचं सॉफ्टवेअर वेगळ्याच जागी अडतं: 'किमान वेतन' भरा म्हणून लाल अक्षरांत ओरडतं, आणि भरायला आकडाच नाही. कायद्याने ठरवलेलं किमान वेतन त्या देशात नाही. ते संघटना आणि मालक आपसात ठरवतात, आणि या रिवाजाचं मूळ १८९९ सालच्या तहात आहे. त्या उन्हाळ्यात मालकांनी सुमारे शंभर दिवस टाळेबंदी केली आणि शेवटी समझोता झाला: काम कसं करायचं, कुणाला ठेवायचं ते मालक ठरवेल, आणि संघटना करायचा कामगाराचा हक्क मालक मानेल. काढणं सोपं, काढल्यावर दोन वर्षांपर्यंत बेकारी भत्ता. जुन्या पगाराच्या ९० टक्के वगैरे जे छापून येतं त्याला वरची मर्यादा आहे, त्यामुळे चांगल्या पगाराच्या माणसाला ९० टक्क्यांच्या जवळपासही मिळत नाही. शिवाय ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांना सहा महिन्यांनंतर तीन महिन्यांची नोटीस वेगळ्या कायद्याने आहेच. 'डेन्मार्कमध्ये चटकन काढतात' या वाक्यातून एवढं सगळं गळतं.

घरी एक पोस्टकार्ड टाकावं म्हणून लाल पत्रपेटी शोधायला निघालो. मिळाली नाही. सरकारी पत्रं २०१४ पासून डिजिटल पेटीतच येतात, आणि १६२४ पासून चाललेलं सरकारी टपालाचं पत्रवाटप २०२५च्या अखेरीस बंद व्हायचं असल्याने पेट्या त्या जूनपासूनच उचलायला सुरुवात झालेली. बर्लिनमध्ये शाईची सही आणि विमानाने तासाभरावर पत्रपेटीच नाही.

टालिनला जुनी सहकारी भेटली. तिने मला आधी हॉटेल विरूच्या तेविसाव्या मजल्यावर नेलं. सोव्हिएत काळात या हॉटेलला अधिकृतपणे बावीसच मजले होते. वरती केजीबी, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर यंत्रणा, बसून पाहुण्यांच्या खोल्यांमधलं बोलणं ऐकायची. दारावर रशियन पाटी: 'इथे काहीही नाही.' आत तारा, खटके, टेलिफोन, धूळ.

तिथून खाली उतरून, कॉफी पिता पिता, तिने लॅपटॉपमध्ये ओळखपत्र खुपसलं आणि स्वतःचं सगळं सरकारी दप्तर माझ्यासमोर उघडलं. मला थोडं अवघडल्यासारखं झालं. तिला काहीच नाही. तिने मला एक यादी दाखवली: तिची माहिती कोणत्या खात्याने, कधी पाहिली. कर खातं, आरोग्य विमा, महापालिका, तारीख आणि वेळेसकट. कुणी विनाकारण डोकावलं तर जाब विचारता येतो. सगळी माहिती एका ठिकाणी साठवत नाहीत. प्रत्येक खातं आपलं आपल्याकडे ठेवतं आणि २००१ पासून तिची एका सामायिक वाटेने देवाणघेवाण होते.

मी तिला म्हटलं, हे तर आमचंच 'शेवटचं लॉगिन'! ती म्हणाली, "उलटं आहे. तुमच्यात साहेब माणसाकडे बघतो. इथे माणूस साहेबाकडे बघतो." तेवढ्यात खाणं आलं म्हणून बरं.

म्हणजे तेविसाव्या मजल्यावर कान लावून बसणारे इथेही होते, आणि त्यातून निघालेला धडा बर्लिनच्या नेमका विरुद्ध. कंपनी काढायची तर ऑनलाइन, नफा कंपनीतच ठेवला तर २००० सालापासून त्यावर कर नाही. एवढं मोकळं असूनही एक जागा अशी कडक आहे की आमच्या सॉफ्टवेअरला त्यासाठी वेगळं कुलूप बसवावं लागलं: माणूस कामाला लागायच्या आधी त्याचं नाव कर खात्याच्या नोंदवहीत चढलंच पाहिजे. दुपारी नाही, संध्याकाळी नाही, आधी. फिरून फिरून माझ्या हे लक्षात आलं होतं की 'कुठे नियम कमी' हा प्रश्नच फसवा आहे. प्रत्येकाने आपली एकेक जागा घट्ट धरलीय. कुणी चेक, कुणी सही, कुणी तह, कुणी नोंदवही.

निघायच्या दिवशी टालिनच्या विमानतळावर बर्लिनहून मेल आला. समितीची पुढची बैठक तीन आठवड्यांनी, आणि तोवर सोबत जोडलेल्या १७ प्रश्नांची लेखी उत्तरं हवीत. लॉगिनची वेळ नेमकी कुठे साठते, कोण वाचू शकतं, किती दिवसांनी पुसली जाते, खरोखर पुसली जाते की फक्त दिसेनाशी होते. मी ते सगळे पालो आल्टोला, गॅरेज दाखवणाऱ्याला, पुढे पाठवले. मेल परत आला. शुक्रवारी तो सोडून गेला होता, समोरच्याच रस्त्यावरच्या कंपनीत.

विमानाला दीड तास होता. मी लॅपटॉप उघडला आणि त्याने लिहिलेला कोड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. एकही टीप लिहिलेली नव्हती.