यमाचा, यमाचा

नववीत मी सहा प्रेमगीतं लिहिली. सहाही एकीसाठीच. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानांवर, पेन्सिलीनं. शाळेच्या स्मरणिकेत हे सांगावं का, यावर बराच विचार केला. पण या शाळेनं मला जे दिलं त्यातलं सगळ्यात मोठं त्या पानांवरच आहे.

पहिल्या चार गाण्यांत चंद्र होता, चांदण्या होत्या, काळजाचे तुकडे होते. मराठीच्या सरांच्या हाती वही लागली. नाव कुठेच नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. वही परत देताना एवढंच म्हणाले, "यातलं तू स्वतः काय पाहिलंयस?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री झोपही आली नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी वृत्तं शिकवायला घेतली. गण म्हणजे तीन अक्षरांचा गट. य गण म्हणजे 'यमाचा': एक लघु (आखूड अक्षर, एक मात्रा), दोन गुरू (लांब अक्षरं, प्रत्येकी दोन मात्रा). मी सवयीनं तिचं नाव मांडून पाहिलं. लघु, गुरू, गुरू! आणि भुजंगप्रयात म्हणजे असे चार य गण, ओळीत १२ अक्षरं. मनाचे श्लोक याच वृत्तातले, लहानपणापासून तोंडपाठ. म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक ओळीत मी तिच्या नावाचा ठेका चार वेळा म्हणत आलो होतो. अंगावर काटा आला. मग नाव लिहायची गरजच उरली नाही.

वहीच्या कडेला तुझे नाव नाही
तरी ओळ सारी तुझे नाव घेते

या दोन ओळींना तीन आठवडे लागले. 'कडेला'च्या जागी आधी 'पानात' होतं, पण त्यात गुरू आधी येऊन ठेका मोडायचा. यमक मात्र जुळलंच नाही. तसंच ठेवलं, कारण दुसऱ्या ओळीत जे म्हणायचं होतं ते सोडवेना.

चाल लावली माझ्या बाकावरच्या मित्रानं. तो तबला शिकत होता. केरवा तालाच्या आठ मात्रांत ओळ बसेना, म्हणून तो बाकावर बोटं वाजवत मोजत राहिला. एका य गणाच्या मात्रा पाच, दोन गणांच्या दहा. "अरे, हा तर झपताल!" झपतालाच्या मात्रा दहा, म्हणजे ओळीला बरोब्बर दोन आवर्तनं. तेव्हाचा त्याचा चेहरा मला आजही दिसतो.

दहावीच्या निरोप समारंभात त्यानं ते गाणं म्हटलं. कोणी लिहिलं, ते सांगितलं नाही. ती तिसऱ्या रांगेत होती. तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. वर्गात आम्ही सगळेच अक्षरं तशी मोजायचो. तीन पेरं मोजून झाली आणि अंगठा थांबला. पुन्हा पहिल्यापासून तीन. मग तिनं हात मांडीवर ठेवला आणि गाणं संपेपर्यंत मान वर केली नाही.