आमच्यात रविवारी तायको लागतो

घरात सगळ्यांनी मिळून खेळायचं असेल तर संगीताचेच गेम आणा, असं माझं आता पक्कं मत झालंय. फुटबॉलचा गेम लावला की दोघं खेळतात आणि बाकीचे आपापल्या मोबाईलमध्ये, रेसिंगचं पण तेच. पण आमच्या कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरात रविवारी संध्याकाळी तायको सुरू झाला की काकू हात पुसत बाहेर येते, आत्याची पोरं येतात, शेजारचा मित्र भडंग घेऊन येतो आणि आजी विचारते, "माझा नंबर कधी रे?"

तायको नो तात्सुजिन म्हणजे जपानी ढोलाचा गेम, नाम्को कंपनीने 2001 मध्ये आर्केडसाठी काढला, आम्ही निंटेंडोच्या स्विच कन्सोलवरचा खेळतो. एकदम सोपं, उजवीकडनं गोल सरकत येतात, लाल आला की ढोलाच्या मधोमध मारायचं, त्याला म्हणायचं डॉन, निळा आला की कडेवर, ते का, आणि मोठा गोल असेल तर दोन्ही हात एकदम. जॉय-कॉन, म्हणजे स्विचचे छोटे कंट्रोलर, हातात धरून काठीसारखे हलवले तरी चालतंय. गाणं जपानी असतं, शब्द कुणालाच कळत नाहीत, पण ठेका कळतो की.

आजी लई वर्षं भजनी मंडळात टाळ वाजवते. तिला मी आधी सांगत होतो की गोल त्या खुणेवर आला की मार, पण ती स्क्रीनकडे फार बघतच नाही, थोडा वेळ मान हलवत गाणं ऐकते आणि सम सापडली की हात सुरू. सोप्या लेव्हलला तिच्याकडनं एकामागनं एक 'गुड' पडत जातात. शेजारी आत्याचा पोरगा सगळ्यात अवघड लेव्हलवर, कारण प्रत्येकाला आपापली लेव्हल घेता येते, आणि मला या गेमची हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, आजी आणि नातू एकाच गाण्यात एकाच वेळी खरंच खेळत असतात, कुणी कुणासाठी मुद्दाम हरत नाही.

हा आत्याचा पोरगा तालमीच्या मैदानात हलगी वाजवतो. हलगीला एका हातात जाड काडी असते, दुसऱ्यात बारीक, त्यामुळे त्यानं जाड हाताला डॉन आणि बारीक हाताला का असं स्वतःच ठरवून टाकलं आणि पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना गप्प केलं. नाद खुळा!

काकांचं म्हणणं वेगळं. "देवल क्लबच्या गावात राहून प्लास्टिकचं काय बडवालाय, खरं वाद्य शिका की." बरोबर आहे त्यांचं, 1883 पासूनची संगीताची संस्था गावात आहे. पण काकूनं आयुष्यात कधी कुठलं वाद्य हातात घेतलं नव्हतं आणि ती आता स्वयंपाक करताना ओट्यावर बोटांनी तिहाई वाजवते, ते या गेममुळेच.

मित्राकडं जुना एक्सबॉक्स आहे, त्याच्यावर रॉक बँड 2, 2008 चा. पाच रंगांच्या बटणांची गिटार, चार पॅडचा ड्रम, माईक. गाणी सगळी इंग्लिश, त्यामुळं माईक घ्यायला घरात कुणी तयार होत नाही, पण त्यात एक भारी सोय आहे, एखादा गाण्याच्या मध्येच बाद झाला तर दुसरा आपली साठवलेली ताकद वापरून त्याला परत आत आणतो. काकू बाद झाली की सगळी पोरं एकदम ओरडतात "काकूला आणा, काकूला आणा!"

जस्ट डान्स हा नाचायचा गेम पण आहे, लहान पोरांना आवडतो, आमचा हॉल मात्र त्याला पुरत नाही.

कुणी नवीन सुरू करणार असेल तर एक गोष्ट मनापासून सांगतो, ब्लूटूथ स्पीकर लावू नका. आवाज बऱ्याचदा 100 ते 200 मिलिसेकंद उशिरा येतो. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे ठोक्याचा वीस ते चाळीस टक्के हिस्सा तिथंच गेला, आणि मग चांगला तालाचा माणूससुद्धा चुकतो आणि त्याला वाटतं आपल्याला जमत नाही. आजी एकदा अशीच हिरमुसून उठून गेली होती. वायरचा स्पीकर लावा, टीव्हीला गेम मोड करा आणि गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन टायमिंग जुळवून घ्या, मगच घरच्यांना बोलवा.

सध्या मी आणि आत्याचा पोरगा क्लोन हिरो या गिटार-ड्रमच्या गेमच्या मागं लागलोय. पीसीवर फुकट मिळतो आणि त्यात आपल्याला हव्या त्या गाण्याचे नोट्स आपणच बसवू शकतो, ड्रमला पण. त्यानं मैदानातली हलगी मोबाईलवर रेकॉर्ड करून आणलीय, ती लय मध्येच चढत जाते त्यामुळं टेम्पो सारखा बदलायला लागतोय, लई किचकट काम आहे. सुरुवातीचा संथ भाग झालाय. तो आजीला वाजवायला दिला तर म्हणाली, "पुढचं कधी करणार?"